मदत हवी आहे: पाड्याची स्वतंत्र लोकसंख्या कुठून मिळेल?

जव्हार तालुक्यातला आमचा पाडा मूळ गावापासून ओढ्यापलीकडे आहे. २०१४ च्या पेसा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियमांनुसार तो स्वतंत्र गाव घोषित व्हावा, असा ठराव मतदारांनी केलाय. अडलंय ते लोकसंख्येवर. पालघर जिल्हा २०१४ चा, म्हणून २०११ ची जनगणना पुस्तिका ठाणे जिल्ह्याची पाहिली. त्यात महसुली गावाचा एकच आकडा, पाडे वेगळे नाहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टी आकारणीची नोंदवही) घरं आहेत, माणसं नाहीत. अंगणवाडीची कुटुंब नोंदवही मिळाली, पण पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं तीत सुटलीत, आणि ती वगळणं आम्हाला मान्य नाही. ग्रामसेवक सहकार्य करतात. ज्यांनी ही प्रक्रिया पूर्ण केलीय त्यांनी सांगावं: उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लोकसंख्येचा पुरावा म्हणून नेमका कुठला कागद चालला, मतदार यादी की ग्रामसभेने मंजूर केलेली घरोघरची यादी?