मदत हवी आहे: वेब अ‍ॅप अपडेट किती वेळाने तपासतं, ते कमी कसं करायचं?

भीमाकाठ: किराणा दुकानांसाठी बिलिंगचं अ‍ॅप केलंय, ४० दुकानांत चालतं. नवीन व्हर्जन चढवलं तरी दुकानात जुनंच दिसतं. दर मिनिटाला तपासायला लावलंय, उपयोग शून्य. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तर दोन दुकानांनी दिवसभर शाम्पूवर १८ टक्केच लावला. शिव्या मला. ३० सेकंद करू का? उद्या रिलीज आहे, लवकर सांगा.

जुनाखडू: कंट्रोल शिफ्ट आर दाबायला सांगा. विषय संपला.

भीमाकाठ: ४० जणांना? प्रत्येक वेळी?

खिडकीपाशी: अ‍ॅप कशात आहे? सर्व्हिस वर्कर आहे का, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे बसून अ‍ॅपची प्रत सांभाळणारी स्क्रिप्ट? 'तपासतं' म्हणजे नक्की काय चालवता? आम्ही काय पत्रिका मांडायची?

भीमाकाठ: रिअ‍ॅक्ट. सर्व्हिस वर्कर आहे ना, नेट गेलं तरी बिल निघायला हवं. सेटइंटरव्हलच्या टायमरमध्ये रजिस्ट्रेशन.अपडेट(), म्हणजे 'नवा वर्कर आलाय का' ही चौकशी, दर ६०००० मिलिसेकंदांनी. क्रोम. आणि हो, लोक टॅब कधीच बंद करत नाहीत. रात्री कॉम्प्युटर नुसता स्लीपवर.

तारयंत्र: पोलिंग, म्हणजे सारखं विचारत राहणं, कशाला करता? वेबसॉकेट लावा, सर्व्हरनेच हाक मारावी.

आजोळ: वर्डप्रेस दिवसातून दोनदा तपासतं, तेही साइटवर कोणी फिरकलं तरच. खरा क्रॉन, म्हणजे सर्व्हरवरचा ठरल्या वेळेचा टायमर, लावून घ्या.

भीमाकाठ: वर्डप्रेस कुठून आलं मध्येच?

खिडकीपाशी: टॅब बंद होत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! तपासणी बहुतेक नीट चाललीय. डेव्हटूल्समध्ये अ‍ॅप्लिकेशन, मग सर्व्हिस वर्कर्स उघडा. 'वेटिंग टू अ‍ॅक्टिव्हेट' दिसतंय का? नवा वर्कर उतरून दारात उभा असतो. जुन्याच्या हातातले सगळे टॅब बंद होईपर्यंत तो आत येत नाही. साध्या रीलोडनेही नाही. कंट्रोल शिफ्ट आर वर्करला तेवढ्यापुरतं बाजूला ठेवतं, पुढच्या वेळी पुन्हा जुनंच.

जुनाखडू: माझ्याकडे चालतं.

तारयंत्र: मग स्किपवेटिंग लावा, म्हणजे नवा वर्कर न थांबता आत येईल, आणि पान आपोआप रीलोड करा. दोन ओळींचं काम.

खिडकीपाशी: ते मी केलं होतं. काउंटरवर २२ वस्तूंचं बिल अर्धं टाइप झालेलं, पान रीलोड, सगळं साफ. गिऱ्हाईक पिशवी धरून उभं. मालकाने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. बिल सेव्ह झालं की मगच नव्याला स्किपवेटिंगचा निरोप द्या आणि रीलोड करा. मिनिटाचा हट्टही सोडा: ४० दुकानं, १२ तास, दिवसाला २८,८०० चौकश्या, कशासाठी? तासाला एक पुरे. शिवाय व्हिजिबिलिटीचेंजवर, म्हणजे टॅब पुन्हा समोर आला की, एकदा, कारण कॉम्प्युटर झोपला की टायमरही झोपतो.

सुपारी: मुळात कराचे दर कोडमध्ये कशाला? सर्व्हरवरून आणा की.

भीमाकाठ: आणणार आहे हो, वेळ मिळाला की. खिडकीपाशी, वेटिंग टू अ‍ॅक्टिव्हेटच दिसतंय! पण बिल अर्धवट सोडून मालक जेवायला गेला तर?

आजोळ: आमच्या वाण्याने शाम्पू अजून स्वस्त केलेला नाही. तुमचंच अ‍ॅप का?