'राकट', 'रांगडा' की 'धसमुसळा'? : स्कॉट स्टीव्हन्सच्या निमित्ताने

निळीशाई
एका क्रीडावार्षिकासाठी आइस हॉकीतील बचावपटू स्कॉट स्टीव्हन्स याच्या कारकिर्दीवर लेख लिहीत आहे. त्याच्याविषयीच्या इंग्रजी मजकुरात 'रग्ड डिफेन्समन' ही शब्दजोडी पानोपानी भेटते. मी तिच्यासाठी 'राकट बचावपटू' असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'धसमुसळा बचावपटू' केले आणि समासात शेरा मारला, की राकट हे चेहऱ्यामोहऱ्याचे विशेषण आहे, खेळाचे नव्हे.

ज्यांना हा खेळाडू ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९६४, कॅनडातील किचनर. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या १९८२ च्या खेळाडू-निवडीत वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले. १९९० मध्ये तो सेंट लुईस ब्लूजकडे गेला आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सी डेव्हिल्सकडे आला. ब्लूजनी डेव्हिल्सचा ब्रेंडन शॅनहन करारबद्ध केला होता, त्याची भरपाई म्हणून लवादाने स्टीव्हन्स डेव्हिल्सच्या पदरात टाकला. तेथे तो कर्णधार झाला आणि १९९५, २००० व २००३ अशा तीन वेळा संघाने स्टॅनले चषक, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, जिंकला. अंगाने धिप्पाड, आणि चेंडूऐवजी जी चकती असते ती घेऊन येणाऱ्याला खांद्याने आडवा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अशा माणसाला मराठीत काय म्हणावे?

पाटीपुस्तक
संपादकांचे बरोबर आहे. कबड्डीच्या आणि फुटबॉलच्या वृत्तांतांत 'धसमुसळा खेळ' हा शब्दप्रयोग आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत, तो रुळलेला आहे आणि वाचकाला अडखळायला लावत नाही. 'राकट' म्हटले की मला मिशा आणि मनगटे दिसतात, खेळ दिसत नाही. रुळलेला शब्द असताना दुसरा शोधत बसणे हा अनुवादकांचा जुना छंद आहे.

उत्तरवारा
पाटीपुस्तक, शब्द रुळलेला आहे हे मान्य, पण तो रुळला आहे कशासाठी? धसमुसळा म्हणजे ज्याला आपल्या अंगाचा आणि बळाचा अंदाज नाही, जो दार लावताना दारच हातात घेऊन येतो. स्टीव्हन्सचे नेमके उलट होते. नव्वदच्या दशकात आम्ही नोकरीनिमित्त न्यू जर्सीला आलो तेव्हा डेव्हिल्स ईस्ट रदरफर्डला खेळत असत, आणि शेजाऱ्यांच्या संगतीने आमच्या मराठी घरातही या खेळाने शिरकाव केला होता.

२००० सालच्या मे महिन्यातील फिलाडेल्फियाविरुद्धचा सातवा सामना घ्या. डेव्हिल्स त्या मालिकेत ३-१ असे मागे पडून बरोबरीला आले होते. पहिल्याच सत्रात फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रॉस चकती घेऊन डेव्हिल्सच्या क्षेत्राची निळी रेषा ओलांडतो, मान खाली घालून मधल्या बाजूला वळतो, आणि तो वळणार तेथे स्टीव्हन्स अगोदरच पोचलेला असतो. खांदा लागतो आणि लिंड्रॉस बर्फावर कोसळतो. मेंदूला इजा झाल्याने आधीचे सामने बुडवून तो नुकताच परतलेला होता. पंचांनी शिक्षा दिली नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. डेव्हिल्सने तो सामना २-१ असा जिंकला. इतक्या मोजूनमापून केलेल्या कृतीला धसमुसळी कसे म्हणता येईल? तिला क्रूर म्हणा, मी वाद घालणार नाही.

तळटीप
'धसमुसळा' या शब्दात मुसळ बसलेले आहे, असे माझे जुने मत आहे. धसाधस मुसळ चालवणारा तो धसमुसळा. पण मला निळीशाई यांना 'रांगडा' सुचवायचा आहे. माळव्यातील रजपुतांच्या बोलीला 'रांगडी' म्हणत असल्याची नोंद भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात आहे. मराठ्यांच्या फौजा माळव्यात वावरल्या, तेथील आडदांड लढवय्ये त्यांनी पाहिले आणि तो शब्द सोबत घेऊन त्या दक्षिणेत परतल्या, असे मानायला जागा आहे. लढवय्याचा शब्द लढवय्याला शोभेल.

जाता जाता, 'कारकीर्द' हा शब्द फारसीतून आलेला आहे आणि तो मुळात राज्यकर्त्याचा आहे. पेशव्यांची कारकीर्द असते. खेळाडूची 'वाटचाल' म्हणावी.

पाटीपुस्तक
तळटीप, आवाज जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असे होत नाही, हे या चर्चांत आपल्याला किती वेळा सांगायचे? आणि 'रांगडा' या शब्दात आज गावरान मोकळेपणाचा जो वास आहे, तो किचनरच्या माणसाला कसा चिकटवणार? चित्रपटांतील रांगडा नायक दिलदार असतो. मैदानावर, किंवा बर्फावर, समोरच्याला निपचित पाडत नाही. 'कारकीर्द' हद्दपार करायची असेल तर आपल्या प्रतिसादातून 'फौजा' आणि 'सोबत'ही काढावे लागतील. शुद्धीकरण अर्ध्यावर थांबवता येत नाही.

उत्तरवारा यांच्यासाठी एक मुद्दा. २०१० मध्ये एनएचएलने आंधळ्या बाजूने येऊन डोक्यावर दिलेल्या धडकेवर बंदी घातली. लिंड्रॉसला बसलेली धडक आज नियमात बसेल काय, यावर तेथेच एकमत नाही. मग कालच्या नियमाच्या आधारे आज विशेषण का ठरवावे?

उत्तरवारा
कारण लेख त्याच्या कारकिर्दीवर आहे, आजच्या नियमपुस्तकावर नाही. वॉशिंग्टनमधील विशीतला स्टीव्हन्स खरोखर धसमुसळा होता, हवे तर ते विशेषण तेथे वापरा. १९८६-८७ च्या एका हंगामात पावणेतीनशेहून अधिक मिनिटे तो शिक्षा भोगत बाहेर बसला. न्यू जर्सीतल्या अखेरच्या हंगामांत तोच आकडा पन्नासच्या आत आला, आणि त्याच्या सर्वांत गाजलेल्या धडका याच उत्तरार्धातील आहेत. शिक्षा कमी झाल्या आणि दहशत वाढली. एकाच विशेषणात हे दोन्ही काळ कोंबायचा हट्ट मला समजत नाही.

कोपरारक्षक
मी शालेय वयापासून डाव्या कोपऱ्यावर कबड्डी खेळलो आहे, त्यामुळे हा धागा शांतपणे वाचणे मला जमले नाही. सर्वजण विशेषणावर भांडत आहेत, पण नामाकडे कोणी पाहिले आहे का? 'बचावपटू' म्हटले की वाचकाला गोलाजवळ ठाण मांडून बसलेला माणूस दिसतो. स्टीव्हन्सच्या नावावर १,६३५ साखळी सामन्यांत १९६ गोल आणि ७१२ गोलसाहाय्ये आहेत, आणि १९९३-९४ मध्ये तर त्याने ७८ गुण (गोल आणि गोलसाहाय्ये मिळून) मिळवून आपल्या संघात आघाडी घेतली होती. कोपऱ्यावरचा खेळाडू चढाईपटूच्या चुकीची वाट पाहतो आणि ती चूक झाली की त्याच्यावर झेप घेतो, त्या क्षणी तो बचाव करत नसतो. म्हणून मी सरळ 'अंगावर जाऊन खेळणारा' असे लिहीन. तीन शब्द होतात, पण खेळ दिसतो.

आणखी एक. वरच्या प्रतिसादांत 'धडक' आले आहे ते योग्यच आहे. वृत्तपत्रे तेथे 'टक्कर' लिहितात ते चूक आहे. टक्कर दोघांची होते, धडक एक जण देतो आणि दुसऱ्याला बसते.

निळीशाई
धडक आणि टक्कर यांतील हा भेद मला फार उपयोगी पडणार आहे, कारण पॉल करिया प्रकरणाचा परिच्छेद अडला होता. २००३ च्या अंतिम फेरीतील सहावा सामना. अनाहाइमच्या करियाने चकती सहकाऱ्याकडे दिलेली होती आणि त्यानंतर, किंचित उशिरा, स्टीव्हन्सने त्याला आडवे केले. करिया बर्फावर निश्चल पडून राहिला. मग त्याच्या शिरस्त्राणाच्या पारदर्शक पट्टीवर श्वासाची वाफ धरली, तेव्हा तो शुद्धीवर येत असल्याचे दिसले. त्याला आत नेण्यात आले, आणि काही मिनिटांत परत येऊन त्याने गोल केला. अनाहाइमने तो सामना ५-२ असा जिंकला, पण सातवा सामना डेव्हिल्सने ३-० ने जिंकून चषक नेला. या प्रसंगात खरा राकट कोण, असा प्रश्न मला पडला आहे, आणि म्हणूनच 'धसमुसळा' मला नको आहे. इंग्रजी विशेषणात मार देण्याबरोबर मार सोसणेही येते. 'कणखर' कसा वाटतो?

तळटीप
'कणखर' मनाला लागतो. 'दणकट' म्हणा. पण त्याआधी उत्तरवारा आणि निळीशाई यांना विचारतो, की ती बाहेर बसण्याची मिनिटे लेखात कशी येणार आहेत? 'दंडाची मिनिटे' असे कृपया लिहू नका. दंड मराठीत पैशांत भरतात. वाचकाला वाटेल की या गृहस्थाने एकूण वाटचालीत साडेसत्तावीसशेहून अधिक वेळा पावती फाडली.

पाटीपुस्तक
दंड केवळ पैशांत भरतात हे कोणी सांगितले? देहदंड आपण कोणत्या खिडकीवर भरता? उलट 'शिक्षेची मिनिटे' म्हटले की शाळेतील अंगठे धरून उभे राहणे आठवते. फुटबॉलच्या वृत्तांतात आपण सर्रास 'पेनल्टी' लिहितो, मग येथेही 'पेनल्टीची मिनिटे' लिहावे आणि मोकळे व्हावे.

कोपरारक्षक
फुटबॉलची पेनल्टी म्हणजे समोरच्या संघाला मिळालेली संधी. येथे खेळाडू स्वतः दोन किंवा पाच मिनिटे काचेआड बसतो आणि त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचक तेथे गोलरक्षक आणि ठिपका शोधत बसेल. कबड्डीतही आता पिवळे कार्ड दाखवले की खेळाडू दोन मिनिटे बाहेर जातो, आणि आमच्याकडे त्याला 'दोन मिनिटे बसवला' एवढेच म्हणतात.

तळटीप
'बसवला' हे बोलीत ठीक आहे, परंतु तक्त्याच्या शीर्षकात 'बसवण्याची मिनिटे' कसे दिसेल, याचा विचार व्हावा. 'निष्कासन-काल' असा एक पर्याय माझ्या मनात आहे.

उत्तरवारा
'निष्कासन-काल' वाचल्यावर मीच या धाग्यावरून पाच मिनिटे बाहेर जाऊन बसतो.