नववीला जगातले धर्म शिकवायचे आहेत, दहा तासांत काय आणि कसं घ्यावं?

सिंहगडरोडकर
नववीच्या दोन तुकड्यांसाठी ४० मिनिटांचे दहा तास मिळणार आहेत. वर्गात साधारण ४५ मुलं. बहुसंख्य हिंदू, शिवाय बौद्ध, मुस्लिम, जैन आणि काही ख्रिस्ती. नेमलेलं पुस्तक नाही. एका तासाला एक धर्म असं करावं का? पुण्यातल्या पुण्यात क्षेत्रभेट कुठे न्यावी? आणि पालकांना आधी काय कळवावं?

खडूफळा
एका तासाला एक धर्म नको. त्यातून शेवटी संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ असा चार रकान्यांचा तक्ता उरतो, आणि तो तक्ता चुकीचं शिकवतो. हिंदू धर्माला एक संस्थापक नाही, बौद्ध आणि जैन परंपरा जगाचा निर्माता ईश्वर मानत नाहीत. रकाना असला की मुलं तो काहीतरी घालून भरतातच.

त्याऐवजी सगळ्यांना लागू पडणारे चार विषय घ्या: कालगणना, जन्म-मृत्यूचे विधी, ग्रंथ कसा वापरतात, अन्नाचे नियम. प्रत्येकी दोन तास, उरलेले दोन क्षेत्रभेटीच्या आधी आणि नंतर.

सुरुवात कालगणनेने करा. त्यात कुणाच्या श्रद्धेला हात लागत नाही आणि वर्ग पहिल्या दिवशीच मोकळा होतो. २०२२ ते २०२५ ची भिंतीवरची कॅलेंडरं जमवा, पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने रमजान ईद, लक्ष्मीपूजन, पारशी नववर्ष आणि नाताळ यांच्या तारखा आलेखाच्या कागदावर मांडायच्या. ईद ३ मे, २२ एप्रिल, ११ एप्रिल, ३१ मार्च अशी दरवर्षी १०-११ दिवस मागे येताना दिसते, कारण हिजरी म्हणजे चंद्रावर चालणारं इस्लामी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. लक्ष्मीपूजन मात्र २४ ऑक्टोबर २०२२ वरून १२ नोव्हेंबर २०२३ ला पुढे उडी मारतं. का, ते मुलांनाच शोधू द्या: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. ज्यू कालगणनेतही १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. पारशांच्या शहेनशाही पंचांगात ३६५च दिवस, लीप दिवस नाही, म्हणून नववर्ष सरकत सरकत ऑगस्टमध्ये आलंय.

इथे हमखास एक गोष्ट घडते: कुणीतरी विचारतं, ‘मग कुणाचं कॅलेंडर बरोबर?’ उत्तर तिथल्या तिथे द्या. ऋतूंशी मेळ ठेवायचा की फक्त चंद्राशी, हा निर्णय वेगळा आहे, गणित सगळ्यांचंच पक्कं आहे. छापील ईद आणि प्रत्यक्ष ईद यांत एक दिवसाचा फरक पडू शकतो, तो चंद्रदर्शनामुळे.

लष्करभागातून
क्षेत्रभेटीला तीन ठिकाणं पुरे, चौथ्या ठिकाणी मुलं फक्त दमलेली असतात.

क्वार्टर गेटचं सिटी चर्च: १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, कारण पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती अधिकारी होते. इतिहासाच्या पुस्तकाशी जोडायला याहून चांगली जागा नाही. तिथून कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), १८६७ चं. ते बांधणारे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांची कबर त्याच आवारात आहे. शेवटी कॅम्पातला गुरुद्वारा, म्हणजे लंगरात जेवणही होईल. मुलांची संख्या मात्र आधी कळवा.

लाल देवळाला लेखी परवानगी लागते. शाळेच्या लेटरहेडवर पत्र आणि मुलांची नावानिशी यादी निदान तीन आठवडे आधी द्या. शनिवार अजिबात नको, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो. चर्चला रविवार नको, मशीद ठरवलीत तर शुक्रवारची दुपार टाळा. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. नाना पेठेतली बाहेरून दाखवा आणि नियमाचं कारण वर्गातच सांगून ठेवा, नाहीतर दारात अपमान झाल्यासारखं वाटतं. सोबत वीसेक मोठे रुमाल ठेवा, गुरुद्वाऱ्यात सगळ्यांनीच डोकं झाकायचं असतं.

वेगळा दिवस मिळाला तर देहूरोडचं बुद्धविहार घ्या. २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्ती स्थापन केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. बौद्ध धर्म म्हणजे फक्त अजिंठा-कार्ले, असं समजणाऱ्या वर्गाला हे दाखवायलाच हवं.

कलम२८
पालकांना जाणारं पत्र एका पानाचं ठेवा: विषयांची यादी, भेटीची ठिकाणं, आणि एक ठळक वाक्य, ‘कोणतीही प्रार्थना किंवा विधी मुलांकडून करून घेतला जाणार नाही.’ राज्यघटनेच्या कलम २८ नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते. धर्मांबद्दल अभ्यास करणं ही वेगळी गोष्ट, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केलं आहे. ही सीमारेषा वर्गातही सांभाळा. ‘करून बघूया’ म्हणून नमाज, कम्युनियन (चर्चमधला भाकरी-द्राक्षरसाचा विधी) किंवा आरती यांची नाटुकली बसवू नका. तक्रारी बहुतेक तिथूनच निघतात.

ओवीप्रेमी
वरच्या सगळ्याला +१. भर एवढीच की साहित्य मराठीतून शोधा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, तेही ओवीत. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संतकवी. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. एवढं सांगितलं तरी ‘परका धर्म’ हा शब्द वर्गात कमी ऐकू येतो.

आणि कळकळीची विनंती: वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम किंवा ख्रिस्ती मुलाला ‘तूच सांग तुमच्यात कसं असतं’ असं कधीही विचारू नका. चौदा वर्षांच्या मुलावर अख्ख्या समाजाचं ओझं पडतं, आणि त्याला ठाऊक असते ती त्याच्या घरची रीत. त्याने आपणहून हात वर केला तर जरूर बोलू द्या. मग विचारा, ‘हे तुमच्या घरी की सगळीकडे?’ हाच प्रश्न हिंदू मुलांनाही विचारा. देशस्थाघरचं श्राद्ध आणि लिंगायतांघरचा अंत्यविधी यांत केवढा फरक आहे, हे त्यांनाही तेव्हाच कळतं.

सिंहगडरोडकर
मनापासून आभार. तक्ता रद्द केला. मूल्यमापन कसं करावं?

खडूफळा
श्रद्धेवर गुण नकोत. ‘कोणता धर्म आवडला?’ हा प्रश्न तर नकोच. क्षेत्रभेटीतली एक वस्तू निवडायला सांगा, उदाहरणार्थ सिनेगॉगच्या दारावरचा मेझुझा (धर्मवचनं ठेवलेली छोटी डबी), आणि १५० शब्द: कशाची आहे, कोण वापरतं, कधी, त्या लोकांच्या मते तिचा अर्थ काय. दहापैकी चार गुण अचूक वर्णनाला, तीन ‘ते असं मानतात’ आणि ‘मला असं वाटतं’ वेगळं ठेवण्याला, तीन माहिती कुठून मिळाली ते लिहिण्याला. गुणांची ही विभागणी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा.