मोठे स्फटिक म्हणजे जुना खडक नव्हे

ग्रॅनाइटमधील स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे असल्यामुळे तो खडक अधिक जुना असावा, असे मत चर्चेत मांडले गेले आहे. त्यात एक दुरुस्ती सुचवतो. स्फटिकांच्या आकारावरून खडकाचे वय कळत नाही, शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, किती सावकाश निवला ते कळते. काही किलोमीटर खोलीवर सभोवतालचे खडक उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक या खनिजांच्या स्फटिकांना वाढण्यास हजारो वर्षे मिळतात व ग्रॅनाइट घडतो. जवळजवळ तशाच रासायनिक घडणीचा शिलारस पृष्ठभागावर येऊन झपाट्याने थिजला तर बारीक कणांचा रायोलाइट बनतो, आणि अणूंना रचना जुळवण्याइतकाही अवधी मिळाला नाही तर ऑब्सिडियन ही नैसर्गिक काच तयार होते.

मला याहून विलक्षण वाटतो तो खनिजांचा क्रम. भूशास्त्रज्ञ नॉर्मन बोवेन यांच्या प्रयोगांतून दिसले की शिलारस निवताना ऑलिव्हिन हे खनिज उच्च तापमानाला, लवकर स्फटिकरूप घेते, तर क्वार्ट्झ अगदी शेवटी. भूशास्त्रज्ञ सॅम्युअल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये दाखवले की पृष्ठभागावर खनिजांचे विघटनही साधारण याच क्रमाने होते: ऑलिव्हिन आधी नष्ट होते, क्वार्ट्झ टिकून राहते. म्हणूनच वालुकाश्मात बहुधा क्वार्ट्झचेच कण अधिक आढळतात.