मदत हवी आहे: 2005 ची बोर्दो वाइन, किती आधी ओतावी?

रविवारी सांगलीत घरी सहाजण जेवायला आहेत. मामांनी फ्रान्सहून आणलेली 2005 ची बोर्दो रेड उघडायचीय. आधी ती मामांच्या वाइन कूलरमध्ये आडवी होती, पण शेवटची चार वर्षं आमच्या पलंगाखाली. म्हणजे सांगलीचे चार उन्हाळे तिनं खाल्लेत. खराब निघाली तर निघाली, मनाची तयारी आहे.

टॉर्च लावून पाहिलं. वाइन मानेखाली खांद्यापर्यंत उतरलीय, बूच वर आलेलं नाही, गळतीचा डाग नाही. तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गाळ दिसला, म्हणून परवापासून उभी ठेवलीय. वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणार. सोबत अळणी मटण. तांबडा रस्सा मुद्दाम नाही, तिखटापुढे तिचं काय चालणार!

नाशिकची नवी शिराझ (तीही रेड वाइनच) आम्ही तासभर आधी जगमध्ये ओततो, ती छान खुलते. जुनीला मात्र जास्त हवा लागली की वास उडतो म्हणतात. डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं भांडं) नाही, काचेचा जग आणि साधा स्क्रू ओपनर आहे.

एवढ्या जुन्या बाटलीचं बूच साध्या स्क्रूनं भुगा न होता निघेल का? आणि गाळ मागे ठेवून जगमध्ये ओतायची ती तासभर आधी, की पानं वाढल्यावरच?