मदत हवी आहे : पनामा कालवा, बाबांना कुठून दाखवू?

नमस्कार मंडळी. माझे बाबा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होते. पनामा कालव्यातून ते तीनदा गेले, पण तिन्ही वेळा खाली, इंजिनपाशी. वर काय दिसतं ते त्यांनी पाहिलंच नाही. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. येत्या जानेवारीत, तिथल्या कोरड्या दिवसांत, त्यांना घेऊन जायचं मनात आहे.

दोन पर्याय दिसतात. एक, मोठी क्रूझ : अटलांटिककडून गातून लॉकच्या (पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या, दारं असलेल्या हौदांच्या) तीन पायऱ्या चढून जहाज २६ मीटर वर गातून तलावात जातं. काही क्रूझ तिथूनच मागे फिरतात, काही पार पॅसिफिकला उतरतात. दुसरा, पनामा सिटीहून दिवसभराची छोटी बोट : मिराफ्लोरेस आणि पेद्रो मिगेल ही दोन लॉक, कुलेब्राचा डोंगर कापून काढलेला भाग, मग कालव्याकाठचं गांबोआ गाव.

माझा कल छोट्या बोटीकडे आहे. लॉकची भिंत हाताच्या अंतरावर असते, पाणी चढताना ओला काँक्रीट खाली सरकताना दिसतो. पंप नाहीत, तलावाचं पाणी उतारानं आपोआप लॉकमध्ये येतं, त्यावरच सगळं चालतं. बाबांना नेमकं हेच बघायचंय.

कुणी गेलं असेल तर सांगा : बोटीत चढायला पायऱ्या किती? सावलीत बसायला जागा मिळते का? शाकाहारी जेवणाचं काय? आणि मोठ्या क्रूझवर लॉक बघायला डेकवर पहाटेपासून जागा धरावी लागते का?

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तिकिटं पक्की झाली की सांगणार आहे.