निलगिरीवरची वटवाघळं: फांद्या छाटून हुसकवायची की राहू द्यायची?

मृणाल_सांगली: आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून दोन निलगिरी आणि एक जुनी चिंच आहे, तिथं दोनेकशे वटवाघळं लटकलेली असतात. रविवारच्या मीटिंगला ठराव येतोय की फांद्या छाटून त्यांना हुसकवायचं. माझा विरोध आहे. सध्या एप्रिल चालूय, माद्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली आहेत, दुपारी ऊन चढलं की आई एका पंखानं पिल्लाला झाकते आणि दुसऱ्यानं वारा घालत बसते, आमच्या गॅलरीतनं स्पष्ट दिसतं. वर्षाला एकच पिल्लू होतं त्यांना. आत्ता फांद्या तोडल्या तर ही पिल्लं खाली पडून मरणार.

पार्किंग_बी_विंग: ताई, तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, मी तळमजल्याला. रोज सकाळी दारात अर्धवट खाल्लेले देशी बदाम, चघळून थुंकलेला चोथा आणि गाडीवर ते चिकट डाग, जांभळाच्या दिवसांत तर जांभळे होतात आणि पेंटवरनं जातच नाहीत. वास वेगळाच. आईला दमा आहे, खिडकी उघडता येत नाही. झाडावर दया करा पण माणसांचं पण बघा ना कुणीतरी.

डॉ_नाही_पण_नर्स: आणि वटवाघळांतनं येणाऱ्या निपाह विषाणूचं काय? 2018 ला केरळात कोझिकोडकडं त्यानं 17 माणसं गेली. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पण पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेला निपाह सापडला होता, 2021 ला बातमी आलेली. अंगणात पोरं खेळतात, पडलेली फळं उचलतात, मला धास्ती वाटते.

मृणाल_सांगली: धास्ती खरी आहे, मी नाकारत नाही. महाबळेश्वरची ती गुहेतली लहान जातीची होती, पण केरळात संशय याच मोठ्या जातीवर आहे, म्हणून काळजी घ्यायचीच. उष्टं फळ खायचं नाही, पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलायचं नाही, टाकी झाकून ठेवायची. बांगलादेशात बरेच लोक खजुराचा कच्चा रस प्यायल्यानं आजारी पडले, रात्री वटवाघळं त्या मडक्यांवर येतात. नुसतं झाडाखालनं चालल्यानं काही होत नाही.

द्राक्षबाग_तासगाव: शहरातल्यांना कौतुक सुचतं. घडात साखर भरली की रात्री येतात, एकेका घडातले पाच-सहा मणी फोडून जातात आणि तो घड व्यापारी हातात धरत नाही. ऑक्टोबर छाटणीपासनं केलेला सगळा खर्च डोळ्यासमोर जातो. पूर्ण बागेला जाळी मारायचा खर्च कोण देणार? पूर्वी वन्यजीव कायद्यात यांना उपद्रवी म्हणत होते ते काय उगाच नव्हतं.

सावर_आणि_मोह: दादा तुमचं नुकसान खरंय आणि त्याची भरपाई मिळायला पाहिजे, यात माझं दुमत नाही. पण उपद्रवी प्राण्यांची ती यादीच 2022 च्या दुरुस्तीत काढून टाकली. आणि मोह, सावर, गोरखचिंच यांची फुलं रात्री उमलतात, तेव्हा परागीभवनाला येतं कोण? हीच. वड-उंबराच्या बिया लांबवर टाकतं कोण? गावाकडची पडीक माळरानं परत झाडांनी भरायची तर यांच्याशिवाय होणार नाही.

मेलबर्नहून: मी इथं राहतो म्हणून सांगतो. 2003 ला इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधनं वटवाघळांना मोठा आवाज लावून उठवलं. महिनोन्‌महिने खटपट चालली, मधल्या काळात ती नदीकाठच्या लोकांच्या घरामागच्या झाडांवर जाऊन बसली आणि शेवटी यारा बेंड पार्कात स्थिरावली. तुमच्याकडं असं पार्क आहे का जवळ? नसेल तर ती शेजारच्या गल्लीत जाणार आणि पुढच्या वर्षी हाच ठराव तिथं होणार.

पार्किंग_बी_विंग: मग आम्ही सहनच करायचं का? मला उपाय सांगा, मला पिल्लं मारायची हौस नाही.

मृणाल_सांगली: नाही, सहन का करायचं. पार्किंगवर पत्र्याचं शेड, टाकीला घट्ट झाकण, सकाळी अंगण झाडायला एक माणूस, झाडताना आधी पाणी मारायचं आणि नाकाला मास्क. तुमच्या खिडकीलगतची फांदी तेवढी पावसाळ्यात, पिल्लं उडायला लागल्यावर, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढून कमी करू. शेडचं कोटेशन मी शनिवारपर्यंत आणते, वर्गणीत माझा वाटा पहिला. तुम्ही काकूंना घेऊन या मीटिंगला, त्यांच्या दम्याचं सगळ्यांसमोर बोलूया.